खिडकीच्या अलीकडे

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होते. पुढे अव्वल कारकून झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळा सुटली की मी कधीमधी त्यांच्या टेबलामागच्या स्टुलावर जाऊन बसायचे. जून महिन्यात त्यांच्या खिडकीसमोर पाय ठेवायला जागा नसायची. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला जातीचा, कुणाला रहिवासाचा. आणि प्रवेशाची शेवटची तारीख सगळ्यांच्याच मानेवर. मला आतून दिसायचे ते फक्त गजांमधून आत आलेले हात आणि हातांतले कागद.

२०१६च्या फेब्रुवारीत मी नवऱ्याच्या मागोमाग जर्मनीत आले. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका मध्यम शहरात तो इंजिनिअर म्हणून काम करत होता. परदेशी माणसांना वास्तव्याचा परवाना देणारी जी कचेरी इथे गावोगाव असते, तिला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. आजवर मी तिच्या पायऱ्या अकरा वेळा चढले. खिडकीच्या अलीकडे, म्हणजे कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या बाजूला, मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. तिथे जे कळलं, ते ज्या क्रमाने कळलं त्याच क्रमाने सांगते.

१. कागद कमी असला की माणूस जास्त बोलतो. हे वाक्य वडिलांचं. घरी जेवताना ते कितीदा तरी म्हणायचे आणि मला ते कचेरीतल्या माणसाचं कोरडं वाक्य वाटायचं. पहिल्याच खेपेला ते मला लागू पडलं. मी पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला असं सगळं घेऊन गेले होते. समोरच्या गृहस्थांनी पत्त्याच्या नोंदीचा कागद मागितला. तो नव्हता. मग मी सांगायला लागले: आम्ही अजून नवऱ्याच्या सहकाऱ्याकडे राहतो आहोत, घर मिळायला वेळ लागतो आहे, सामान अजून बॅगांमध्येच आहे, पुढच्या महिन्यात नक्की होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच कागद मागितला. बाहेर आल्यावर कळलं की इथे कागदांची उतरंड असते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. ही अट १ नोव्हेंबर २०१५पासून लागू झाली होती, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, आणि ज्यांच्याकडे आम्ही राहत होतो त्यांनाही तिची कल्पना नव्हती. तो दाखला, मग नोंद, मग परवाना. खालचं मडकं नसेल तर वरचं ठेवायचं कशावर? त्या दिवसापासून मी घरून निघताना एकच प्रश्न स्वतःला विचारते: आज मला काही समजावून सांगावं लागणार आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर एखादा कागद कमी आहे.

२. जाड फाइल म्हणजे तयारी नव्हे, ती भीती असते. दुसऱ्या खेपेला मी दहावीच्या गुणपत्रिकेपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळं भरून नेलं. कुणी काही मागितलं आणि ते नाही, असं पुन्हा होऊ नये म्हणून. त्यांनी नवऱ्याच्या पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या मागितल्या आणि त्या मला सापडेनात. मी उलटसुलट पानं चाळत होते आणि ते दोन्ही हात टेबलावर ठेवून शांत बसले होते. त्या शांततेत मला माझे वडील दिसले. तेही असेच थांबायचे. समोरचा माणूस पिशवीत हात घालून शोधत असायचा, मागे रांग वाढत असायची. आत बसलेल्याला तुमचं आयुष्य वाचायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्याने काय आधी वाचावं हे आपण ठरवून द्यायचं असतं. आता मी त्यांच्याच यादीच्या क्रमाने कागद लावते: अर्ज, पासपोर्ट, पत्त्याची नोंद, घराचा करार, पगाराच्या पावत्या, आरोग्य विम्याचं पत्र. प्रत्येक मूळ कागदाच्या मागे त्याची झेरॉक्स. बाकीचं सगळं वेगळ्या पिशवीत, पायाशी.

फोटोंचंही असंच झालं. पुण्यातून हौसेने काढून आणलेले बारा फोटो वाया गेले. इथला फोटो तेव्हा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, आणि चेहऱ्याने त्याच्या उंचीचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग व्यापलेला असावा लागायचा. माझ्या फोटोत मी फार लहान होते.

३. माझं नाव मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटतच नाही. भारतीय पासपोर्टात मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. म्हणून माझ्या नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव एकापुढे एक लिहिलेलं होतं. जर्मनीत ती माझी दोन पहिली नावं झाली. पत्रं यायची ती ‘श्रीयुत’ म्हणून. त्या कचेरीत एकदा नवऱ्याच्या नावाने पुकारा झाला आणि मी जागची हलले नाही, कारण तो तर त्या वेळी कामावर होता. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आडनाव ऐकून उठले. माझी पदवी माहेरच्या नावाने, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं, पासपोर्ट सासरच्या नावाने. मला त्यात एकच बाई दिसत होती. टेबलापलीकडच्या माणसाला तीन दिसत होत्या, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. माझ्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावं होती; तेव्हापासून ते पान उघडून, बोट ठेवून दाखवायला शिकले. त्या पानाने आणि लग्नाच्या दाखल्याने मिळून त्या तिघींची एक केली.

मुलगी झाली तेव्हा तिच्या नावाच्या रकान्यात आम्ही एकटं तिचंच नाव लिहिलं. वडिलांना ते खटकलं. “बापाचं नाव कुठं गेलं?” असं त्यांनी फोनवर विचारलं. मी काही उत्तर दिलं नाही. अजूनही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

४. लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही, हे परक्याला सांगणं अवघड असतं. आमचा लग्नाचा दाखला, नमुना ‘इ’, सगळा मराठीत. इथे कारभाराची भाषा जर्मन, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. परभाषेतला कागद शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून आणावा लागतो. अशा अनुवादकांच्या यादीत हिंदीचे अनुवादक होते. मला वाटलं, देवनागरी आहे, करतील ते. एकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की अक्षरं वाचता येतात, पण जबाबदारी घेता येणार नाही. शेवटी दूरच्या शहरातल्या एका मराठी जाणणाऱ्या बाईंचा पत्ता मिळाला. त्यांनी केलेलं भाषांतर मी आजही जपून ठेवलं आहे. दाखल्यावरचा गोल शिक्का अर्धवट उमटला होता. त्यांनी तिथे कंसात जर्मनमध्ये लिहिलं होतं: गोल शिक्का, अस्पष्ट. जे वाचता येत नाही तेही ‘वाचता येत नाही’ असं लिहून द्यायचं. माझ्या लग्नाच्या कागदावरचा तो पुसट शिक्का कुणीतरी इतक्या काळजीने पाहिला, याचं मला त्या परक्या गावात फार बरं वाटलं.

कागदाला मान कुठे मिळतो आणि कुठे नाही, याचेही नकाशे असतात. २००५मध्ये भारत हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला. मुंबईहून तसा शिक्का मारून आणला की काम झालं, असं आम्हाला वाटत होतं. पण भारताच्या त्या प्रवेशाला जर्मनीने हरकत नोंदवली होती, म्हणून त्या शिक्क्याला इथे काही किंमत नव्हती. हे निघण्याआधी कुणी सांगितलं असतं तर दोन रजा आणि मुंबईची एक खेप वाचली असती.

५. रांगेत आपण कोण असतो, हे मला फार उशिरा कळलं. तातडीच्या कामासाठी सकाळी थोडीच टोकनं मिळायची, आणि ती हवी असतील तर पहाटे पाचच्या आत दाराशी असावं लागायचं. २०१५ या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आश्रय मागायला जर्मनीत आली होती. त्यांतली बरीच जण आता त्याच दारांसमोर उभी होती, ज्यांच्यासमोर मी उभी होते. मार्चची थंडी. माझ्या मनात जे होतं ते लिहिणं सोपं नाही, पण लिहिते. मला वाटत होतं की माझी रांग वेगळी असायला हवी. आम्ही रीतसर व्हिसा काढून आलेली माणसं. नवऱ्याचा पगार आहे, कर भरतो आहोत. मी इथे या माणसांच्या मध्ये का उभी आहे? हे मी कुणाला बोलले नाही, पण मफलर वर ओढून थोडी बाजूला मात्र सरकले होते.

पुढे एक चाळिशीचा माणूस वहीच्या पानावर येणाऱ्यांची नावं क्रमाने लिहून घेत होता, म्हणजे दार उघडल्यावर ढकलाढकली होऊ नये. तो सीरियातल्या होम्सचा. तिथे त्याचं औषधांचं दुकान होतं. सहा-सात महिन्यांत तो माझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलायला लागला होता, आणि मी तर पुण्यात मॅक्सम्युलर भवनात पहिली पातळी करून आले होते. माझं नाव लिहून घेताना त्याने माझ्या हातातला अर्ज पाहिला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. सही राहिली होती. सगळा अर्ज भरला होता, तीनदा तपासला होता आणि सहीच केली नव्हती. त्याने पेन दिलं आणि लिहायला टेकू म्हणून आपली वही पुढे धरली. त्याचे स्वतःचे कागद स्वयंपाकघरात वापरतात तसल्या दाब देऊन बंद होणाऱ्या पिशवीत होते, कोटाच्या आत, छातीशी. त्यांच्या कडा पाण्याने लाटेसारख्या झाल्या होत्या. मी विचारलं नाही कुठलं पाणी. त्यानेच सांगितलं, एका शब्दात: समुद्र.

माझे कागद विमानातून आले होते. पुढे त्या रांगेत मी किती वेळा उभी राहिले, पण बाजूला सरकले नाही.

६. जाताना खाणं, पाण्याची बाटली, चालणारं पेन आणि भरलेला फोन न्यावा. सुटी नाणी न्यावीत, झेरॉक्सला लागतात. फी भरायला इथलं बँकेचं कार्ड जवळ असू द्यावं. एवढं पुरतं.

७. खिडकीपलीकडच्या माणसालाही पाय दुखतात. हे मला तरी आधी कळायला हवं होतं, कारण घरी आल्यावर वडील गरम पाण्यात पाय सोडून बसलेले मी रोज पाहिले होते. पण अलीकडे उभं राहिलं की ते आठवत नाही. २०१८मध्ये आमची मुलगी इथे जन्मली. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी बाळासाठी जन्मापासून सहा महिन्यांच्या आत परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी आधी तिचा भारतीय पासपोर्ट हवा, आणि आमच्या राज्याचं काम म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे. त्यात दिवस गेले. मी तिला घेऊन गेले तेव्हा ती पाच महिने आणि अकरा दिवसांची होती. गल्लीसारख्या त्या लांब मार्गिकेत चार खुर्च्या होत्या, जमिनीला पक्क्या केलेल्या, आणि माणसं साठ-सत्तर. बाळ रडायला लागलं. मी भिंतीला पाठ टेकवून तिला पाजायचा प्रयत्न करत होते, एका हातात फाइल. आमच्या आडनावाच्या अक्षराचं दार उघडलं आणि आतल्या बाई बाहेर आल्या. मला वाटलं, आवाज होतो म्हणून बोलणार. त्यांनी आत जाऊन आपली स्वतःची चाकांची खुर्ची ढकलत आणली, माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा आत गेल्या. माझा नंबर आला तेव्हा मी तीच खुर्ची ढकलत आत नेली. त्यांनी हाताने खूण केली, बसा. आमचं सगळं काम त्यांनी उभ्याने केलं. टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांचा डबा होता, झाकण न उघडलेला. दुपारचे पावणेदोन झाले होते.

त्या बाईंनी मला कुठलीही सवलत दिली नाही. एक प्रत कमी होती, ती त्यांनी मागितलीच. पण तेव्हापासून मी आत शिरताना आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते, मग फाइल उघडते.

८. कायदासुद्धा कधीकधी आपल्या बाजूने काहीतरी मानून चालतो. २०१९मध्ये माझा परवाना ऑगस्टमध्ये संपत होता आणि भेटीची वेळ, ज्याला इथे सगळे टर्मिनच म्हणतात, मिळाली ऑक्टोबरची. मधल्या दोन महिन्यांत मी कोण? या विचाराने झोप गेली. मग कळलं की मुदत संपण्याआधी अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदा धरून चालतो. तसा एक घडीचा कागद देतात. त्याच्या जर्मन नावातच ‘फिक्त्सियोन’ हा शब्द आहे, म्हणजे जे मानून घेतलं आहे ते. आतल्या चौकटींपैकी कोणत्या चौकटीत खूण केली आहे यावर सगळं ठरतं: एका खुणेने नुसतं इथे राहता येतं, दुसऱ्या खुणेने देशाबाहेर जाऊन परत येता येतं. मी ते टेबलावरच तपासून घेतलं, आणि घेतलं ते बरं केलं. सप्टेंबरमध्ये वडील अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी त्या कागदावर गेले. परतताना विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने तो कधी पाहिलेला नव्हता. ती फोन करत राहिली, मी कायद्याच्या कलमाचा आकडा दाखवत राहिले, ८१, पोटकलम ४. चाळीस मिनिटांनी तिने बोर्डिंग पास दिला. अर्ज मुदतीत पोचला होता याचा पुरावा म्हणून मी तेव्हाची ईमेलची प्रत छापून नेली होती, तारीख आणि वेळेसकट. तीही तिने वाचली. नूतनीकरणाचे ९३ युरो भरले तेव्हा ते मला अजिबात जड वाटले नाहीत.

९. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्याला जसंच्या तसं देता येत नाही. २०२२मध्ये युक्रेनमधून आलेल्या आया, मुलं, म्हाताऱ्या बायका त्याच पायऱ्यांवर उभ्या होत्या. मी तेव्हा नांदेडहून शिकायला आलेल्या एका मुलासोबत गेले होते, जर्मन बोलायला म्हणून. त्याला मी यादी दिली, क्रम सांगितला, झेरॉक्स सांगितल्या. त्याने सगळं केलं आणि दारात शिरताना त्याचे हात तरीही थरथरत होते. मी काही बोलले नाही. त्याच्या बँकेतल्या अडकवून ठेवलेल्या पैशांचा कागद वर ठेवला आणि त्याच्या मागे उभी राहिले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “ताई, त्यांनी काहीच विचारलं नाही.” कागद पुरे होते.

त्या दिवशी मार्गिकेतल्या खुर्च्या मी मोजल्या. अजून चारच होत्या. युक्रेनची एक म्हातारी फरशीवर बसली होती, पाय लांब करून, आणि तिच्या मांडीवर दुसऱ्याच कुणाचं तरी मूल झोपलं होतं.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. हाड आता जुळलं आहे, काठी घेऊन चालतात. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, “आप्पा, तुमच्या खिडकीसमोर लोकांना बसायला काही होतं का हो? मला आठवत नाही.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

“बाकडं नव्हतं,” ते म्हणाले. “बाहेर लिंबाचं झाड होतं. लोक तिथं बसायचे, उन्हातान्हाचे.” मग थोडं थांबून, “आमच्या खिडकीतनं ते दिसायचं नाही.”